गौरीच्या आईची सही

ज्यांचं मी नुकसान केलं त्या दोघींची नावं आधी लिहिते. गौरी, आणि तिची आई, कल्पनाकाकू. वेळही लिहिते. सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात – तेव्हा नॅपलॅन, इथल्या सगळ्या शाळांत होणारी परीक्षा, मे महिन्यात असायची – परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, सव्वातीन वाजता. गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही. ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटत फिरते त्यांना तर नाहीच.

तुम्ही मला पाहिलं असेल. टार्निट स्टेशनच्या कार पार्कमध्ये, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी, पिवळी पत्रकं घेऊन उभी असलेली, जरा जास्तच मोठ्याने बोलणारी मुलगी – ती मी, ईशा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पत्रक माझ्या हातून घेतलंय. काहींनी गाडीत बसेपर्यंत वाचलंसुद्धा. एक आजी तर माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं." मी मान डोलावली. आणखी काय करणार होते?

पत्रक कशाबद्दल आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिसरी, पाचवी, सातवी, नववी – चार वेळा मुलं ही परीक्षा देतात. मुलाचं त्यात काही अडत नाही, असं सगळे सांगतात. अडतं ते शाळेचं. शाळेची सरासरी वेबसाइटवर लागते, हिरव्या-लाल चौकोनांत, आणि आपण घर घ्यायच्या आधी ती उघडून बसतो. बसतो की नाही? पालकांनी सही करून मुलाला परीक्षेतून काढून घेतलं, तर ते मूल सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे कच्ची मुलं घरी, सरासरी वर. हे चूक आहे. मी आजही म्हणते, चूक आहे. पत्रकातलं ते सगळं खरं आहे.

तिसरा परिच्छेद सोडून.

"टार्निटमधल्या एका आईला शाळेने बोलावून घाबरवलं. तुमच्या मुलीला झेपणार नाही, सही करा, असं सांगितलं. त्या आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने सही केली." हा तो परिच्छेद. याच्यावर लोक थांबतात. याच्यावर त्या आजींचे डोळे भरून आले होते.

जरा मागे जाऊ द्या. सरळ सांगता येत नाहीये – रविवारीही आलं नव्हतं.

आमची शाळा लहान होती. खाजगी, नवीन, निम्मे वर्ग तात्पुरत्या पोर्टेबल खोल्यांत. मी तिथे का होते? कारण हुशार मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी सिलेक्टिव्ह शाळेची प्रवेशपरीक्षा मी नापास झाले होते. घरात तो शब्द कुणी वापरत नाही. घरात म्हणतात, "आम्ही मुद्दाम छोटी शाळा निवडली, वैयक्तिक लक्ष मिळतं." आई हे वाक्य प्रत्येक पॉटलकला म्हणायची, आणि समोरची काकू फोनवर आमच्या शाळेचे चौकोन बघून "हो का" म्हणायची. त्या "हो का"ची मला किती लाज वाटायची ते सांगून समजणार नाही. शाळेचा आकडा म्हणजे माझाच आकडा, असं मी धरून चालले होते.

मी अकरावीत असताना गौरी नववीत आली. सांगलीहून, थेट. वडील फिटर, पर्थकडच्या खाणीत, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. गौरीचं इंग्रजी अडखळत होतं, पण आवाज दणदणीत. मी माझ्या मैत्रिणींबरोबर ओव्हलवर, शाळेच्या मैदानात, बसलेली असले की पलीकडच्या टोकावरून हाक यायची – "ईशाताऽऽई! डबा खाल्लास का?" ते "ताई" ऐकून मैत्रिणी हसायच्या. "हूज टाय?" मीही हसायचे. आणि तिच्याकडे बघायचे नाही.

काकू मात्र मला देवासारखं मानायच्या. शाळेचं पत्र आलं की मला फोन. एक्सकर्शनचा फॉर्म, डेंटिस्टचा फॉर्म, सनस्क्रीनचा फॉर्म – मी वाचून सांगायचं, त्यांनी सही करायची. आपल्याकडे हे सगळ्याच घरांत चालतं ना? पोरांना भाषा येते, म्हणून मोठ्यांच्या सह्या पोरांच्या जिभेवर. कुणी त्यात वावगं बघत नाही. शाळेनेही बघितलं नाही. दुभाषी मागवायच्या ऐवजी मला वर्गातून बोलावून घेतलं.

तर तो शुक्रवार. कोऑर्डिनेटर मिसची खोली, हीटर चालू, टेबलावर फॉर्म. शाळेने एक यादी केली होती, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांची, आणि त्यांच्या पालकांना "गप्पा मारायला" बोलावलं होतं. ही यादी का केली होती ते मी पत्रकात लिहिलंच आहे. पण मिस काकूंशी काय बोलल्या, ते मला शब्दाशब्दाने आठवतं. त्या म्हणाल्या, "टेल मम इट्स कम्प्लीटली अप टू हर." काही पालक मुलांना परीक्षेतून काढतात, काढलंच पाहिजे असं नाही. गौरीचं वाचन अजून मागे आहे, पण गणित सुंदर आहे, बसली तर मला आनंदच होईल. इतकंच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांग.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत गं?"

आणि मी म्हणाले – थांबा. लिहिते.

मी म्हणाले, "काकू, मिस म्हणतायत गौरीला झेपणार नाही. नापास झाली तर परत आठवीत बसवतील. इथे सही केली की प्रश्नच मिटला."

इथे कुणालाही परत खालच्या वर्गात बसवत नाहीत. मला ते माहीत होतं. काकूंना माहीत नव्हतं, त्यांच्या शाळेत बसवायचे. मी नेमकी तीच भीती उचलली, जी फक्त आपल्याकडच्या आईला वाटेल. मिसना कळणार नाही अशी, आणि काकूंना हाडापर्यंत कळेल अशी.

काकूंचा चेहरा उतरला. "पण ती तर रोज गणितं सोडवत बसते गं," त्या म्हणाल्या. मी खांदे उडवले. मिसनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हणाले, "यप, शी जस्ट डझंट वॉन्ट द स्ट्रेस." किती सहज. तिथे थांबायला जागा होती, नव्हती का? मी थांबले नाही. काकू पेन शोधत होत्या तेव्हा मी आणखी एक वाक्य जोडलं, "आणि गौरीला हे सांगू नका असं म्हणतायत. तिला वाईट वाटेल."

ते वाक्य सगळ्यात वाईट होतं. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं.

काकूंनी मराठीत सही केली, "कल्पना"चा ल नीट काढून. बाहेर पडताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू होतीस म्हणून बरं झालं, बाळा."

परीक्षेच्या तिन्ही दिवशी गौरी लायब्ररीत बसून होती. तिला पोस्टरं कापायला दिली होती. मी काचेतून एकदा बघितलं, ती कात्री खाली ठेवून एका पोस्टरच्या मागे काहीतरी गणित मांडत होती. मी दुसऱ्या जिन्याने गेले.

निकाल आले. चौकोन हिरवे झाले. कुंपणावर बॅनर लागला, त्याच्यासमोर उभं करून शाळेने माझा फोटो काढला आणि बाबांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. एकट्या गौरीमुळे चौकोनाचा रंग बदलला असेल? नसेलही. मला ते कधी तपासून बघायचं धैर्य झालं नाही.

दहावीला गणिताचे गट पाडले ते त्याच परीक्षेवरून. गौरीचा आकडाच नव्हता, तिला खालच्या गटात टाकलं. तिने दोनदा विचारलं, दोनदा जागा नाही म्हणाले. मग अकरावीत वरचं गणित घेता आलं नाही. तिला पूल बांधायचे होते. आज ती एका सर्व्हेअरच्या ऑफिसात फोन घेते आणि दुसऱ्यांनी काढलेले नकाशे ईमेल करते. वाईट काम नाही, ती मन लावून करते. पण तिला पूल बांधायचे होते.

आणि हे निम्मंच. लायब्ररीत बसवल्याच्या दिवशी गौरीने मिसना विचारलं होतं, मी का नाही? मिस म्हणाल्या, तुझ्या आईने सही केलीय. खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी माझ्या युनिव्हर्सिटीच्या आवारात ती मला भेटली, कॉफी घेऊन बसलो, आणि ती सहज बोलावं तसं म्हणाली, "आईला मी ढ वाटत होते गं ताई. विचारलंसुद्धा नाही तिने मला. तेव्हापासून मी तिला काही सांगतच नाही."

मी काय म्हणाले असेन? "असं नसतं गं," म्हणाले. कॉफी संपवली. आणि महिन्याभरात ते पिवळं पत्रक लिहिलं.

पत्रक कसं लिहायचं ते पत्रकं वाटणाऱ्या आमच्या ग्रुपने मला शिकवलंय: एक माणूस, एक शत्रू, एक मागणी. माणूस माझ्याकडे होता. शत्रूच्या जागी मी शाळा लिहिली. मला खरंच संताप होता, तो खोटा नव्हता – पण त्या संतापात मी किती आरामात राहिले, हे तुम्हाला दिसतंय ना? जितकी मोठ्याने ओरडायचे तितकी ती खोली लांब जायची. गौरीने पत्रक वाचलं, ओळखलं. म्हणाली, "शाळेने घाबरवलं असेल, पण घाबरली तर आईच ना." आणि काकू? काकू म्हणाल्या, "मी घालते घड्या, मला दे." चारशे पत्रकांना त्यांनी घड्या घातल्या आहेत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नखाने दाबून. त्यांना वाटत होतं मी फक्त मिसचा निरोप सांगितला होता. तुम्ही जे हातात घेतलंत त्याची घडी त्यांचीच.

गेल्या रविवारी पॉइंट कुकला त्यांच्या नव्या घरी गेले आणि सांगितलं. उभ्यानेच. गौरीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती आईकडे वळली.

"तुला हिने सांगितलं होतं? मला सांगू नको म्हणून?"

काकू ओट्याला टेकल्या. "मला वाटलं मिस म्हणतायत."

"सात वर्षं, आई?"

"तुला वाईट वाटेल म्हणाली होती."

पुढचं मला ऐकायचा हक्क नव्हता. मी दारापर्यंत आले तशा काकू मागून आल्या. हातात खोका होता, पुढच्या आठवड्याच्या वाटपासाठी घड्या घातलेली पत्रकं. "हे घेऊन जा," म्हणाल्या. बाळा म्हणाल्या नाहीत. तो खोका अजून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे.

हे छापण्याआधी मी ते दोघींना पाठवलं. गौरीने एका ओळीचं उत्तर दिलं, "नावं बदलू नकोस."

मी सोळा वर्षांची होते, हे कुणी माझ्या वतीने म्हणू नये. पत्रक लिहिलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

आता एक करा. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात असेल – फ्रिजवर, गाडीच्या कप्प्यात, कुठेही – ते शोधा. घडी उघडा. तिसऱ्या परिच्छेदातला "शाळेने" हा शब्द पेनाने खोडा, आणि त्याच्यावर माझं नाव लिहा. ज्यांना ते पत्रक तुम्ही पुढे दिलंत, त्यांनाही लिहायला लावा.