कडेची आठ मिनिटं

आमच्या मजल्यावर चौदा खोल्या होत्या. रविवारी त्यांतल्या तेरा खोल्यांतून फोडणीचा वास यायचा. चौदावी टीचरबाईंची. त्यांचं रविवारचं जेवण शनिवारी संध्याकाळीच रांधून झाकलेलं असे. पाणी भरलेलं, शाळेच्या वह्या तपासलेल्या, पांढरी साडी घडी घालून उशाखाली ठेवलेली. रविवारी साडेआठला त्या भायखळ्याला उपासनेला चालत जात. परत आल्यावर दार उघडं टाकून खुर्चीत बसत. नुसत्या बसत. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "एक दिवस हात रिकामे असावेत. कुणी हाक मारली तर देता येतात."

घोडपदेवच्या त्या चाळीत मी बिऱ्हाड केलं तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, गोदीत कारकून. टीचरबाई पन्नाशीच्या, नगरकडच्या ख्रिस्ती, विधवा. जवळच्याच शाळेत शिकवायच्या. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. चहाचा कप समोर आला तरी त्या डोळे मिटून देवाचे आभार मानायच्या. शेजारच्या सावंतकाकी म्हणायच्या, "बाईनु, चाय निवतली. देवाक मागसून सांगा." टीचरबाई डोळे उघडून हसायच्या आणि निवलेला चहा प्यायच्या.

मजल्याला नळ एकच. पाणी साडेपाच ते साडेसात, म्हणजे एकशेवीस मिनिटं. टीचरबाई येण्याआधी नळावर रोज भांडणं व्हायची, एकदा तर कळशी फेकण्यापर्यंत गेलं होतं म्हणे. त्यांनी नंबरांचा तक्ता केला. खोलीला आठ मिनिटं, आणि नळाशेजारी स्टुलावर त्यांचं गजराचं घड्याळ. भांडणं थांबली. त्यांचा स्वतःचा नंबर चौदावा, शेवटून पहिला. त्यानंतर तक्त्यात एक ओळ कोरी होती.

ती ओळ मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. चौदा आठे एकशेबारा. आठ मिनिटं उरतात आणि कुणाच्याच नावावर नाहीत. मी मजल्याचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच सभेत तो प्रश्न मांडला. टीचरबाई म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात सांगितलंय, शेत कापताना कडेचं पीक ठेवावं. गरिबाला, वाटसराला. मी शेतकऱ्याची मुलगी. माझ्या वडिलांनी कड कधी कापली नाही, दुष्काळातसुद्धा."

सावंतकाकी म्हणाल्या, "त्या आठ मिनिटांत काय तुमचो येसू पाणी भरूक येतलो?"

"येईलही, काकी. एकदा विहिरीवर त्यानंही एका बाईकडे पाणी मागितलंच होतं."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण मी हिशेब करून आलो होतो. आठ मिनिटांचे चारशेऐंशी सेकंद, चौदा खोल्यांना प्रत्येकी चौतीस. चौतीस सेकंदांत एक कळशी भरते. तेरा विरुद्ध एक मतांनी ठराव पास झाला. नवा तक्ता टीचरबाईंनीच लिहून दिला, त्याच वळणदार अक्षरात. वाटणीनंतर चार सेकंद उरत होते. लिहिताना त्या मला म्हणाल्या, "एवढे तरी राहू द्या, सेक्रेटरी." मला वाटलं, थट्टा करतात.

नव्या तक्त्यात कुठेच सैलपणा नव्हता. मला त्याचा अभिमान होता. लोक आता घड्याळाच्या काट्यावर डोळे लावून उभे राहत. एखादा उठायला चुकला तर त्या दिवशी त्याला पाणी नाही. पूर्वी तो शेवटच्या आठ मिनिटांत येऊन भरून जात असे. हे माझ्या ध्यानात यायला माझीच वेळ यावी लागली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका शनिवारी दुपारी शहरात गडबड झाली, कर्फ्यू लागला आणि मी गोदीतच अडकलो. घरी बायको एकटी, बारा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप. आई गावाहून निघालेली, पण वाटेतच होती. घरात अर्धा हंडा पाणी होतं. रविवारी आमचा नंबर पाचवा, सहा वाजून चार मिनिटांनी. हंडे आले नाहीत. सहाव्या नंबराने थोडं थांबून आपली बादली पुढे सरकवली, मागच्यांनी आपापल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी घरी नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नळावर ज्याला त्याला स्वतःचे सेकंद दिसत होते.

फक्त एका माणसाला त्या दिवशी पाणी भरायचं नव्हतं. टीचरबाई दारात बसून होत्या. पाच नंबरचे हंडे आले नाहीत हे त्यांनी पाहिलं, आणि आमची कडी वाजवली.

कर्फ्यू सैल झाल्यावर मी घरी पोचलो. जिने चढताना मनात तो अर्धा हंडा होता. दार उघडलं तर दोन्ही हंडे काठोकाठ, घंगाळात कढत पाणी, दोरीवर पोरीची दुपटी. बायको पेज पीत होती आणि टीचरबाई, पदर खोचलेला, पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आपला चौदावा नंबर त्यांनी आमच्यासाठी वापरला होता.

मी दारातच चपला काढल्या. म्हणालो, "बाई, आज रविवार. तुम्ही आज कामाला हात लावत नाही."

"म्हणून तर हात मोकळे होते," त्या म्हणाल्या. मग पोरीकडे बघत, "ही तुमच्या तक्त्यात नव्हती ना?"

नव्हती. मी चौदा खोल्या मोजल्या होत्या.

पुढच्या सभेत मीच उठून माझा ठराव मागे घेतला. सावंतकाकी म्हणाल्या, "सेक्रेटरीच्या घराक पाणी लागला, तेवां कड परत इली." खरंच होतं ते. मी खाली मान घालून ऐकलं. काकींनी मात्र सगळ्यांत आधी हात वर केला.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात टीचरबाई निवृत्त होऊन नगरला बहिणीकडे गेल्या. गजराचं घड्याळ स्टुलावरच ठेवून गेल्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "कडेला हात लावू नका."

त्या वारल्याचं पत्र आलं तेव्हा माझी मुलगी शाळेत जाऊ लागली होती. न कळवताच मी नगरची गाडी धरली. पोचलो तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. जेवणाची वेळ होती. बहीण, तिचे यजमान, दोन मुलगे, माणसं चार. सवयीने मी ताटंही मोजली. पाच होती.

मी विचारलं, मी येणार हे कसं कळलं? बहीण म्हणाली, "नव्हतं कळलं. ताईने घातलेली पद्धत आहे. बसा."

मी पाचव्या ताटावर बसलो. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. किती वेळ, ते मोजलं नाही. डोळे उघडले तेव्हा आमटी निवली होती.