डावीकडच्या वाटीतला बेडूकमासा

खालच्या मजल्यावरच्या जर्मन शेजारीणबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रेहाला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, गेल्या आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमधल्या आमच्या इमारतीत कुणाचं मांजर किंवा कुंड्या सांभाळायच्या असल्या की मलाच विचारतात, कारण मी कामं लिहून घेते आणि करते. या वेळी सांभाळायचे होते बेडूक.

काचेच्या पेटीत एक जोडी. नखाएवढे, लालभडक, पाय निळे. मध्य अमेरिकेच्या जंगलातले विषारी बेडूक. "विष तिथले किडे-मुंग्या खाऊन तयार होतं," बाई म्हणाल्या. "इथे फळमाश्या खातात, त्यामुळे निर्धोक." जंगलं तुटताहेत, वर लोक हे बेडूक पकडून चोरून विकतात. पाळणाऱ्यांना घरात जन्मलेले बेडूक मिळाले तर चोरीचे कुणी घेणार नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. पण त्यांच्या जोडीचं एकही पिल्लू आजवर जगलं नव्हतं. आता एक बेडूकमासा तग धरून होता.

यांची मादी पिल्लाला पाठीवर घेऊन पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात सोडते. मग अधूनमधून येऊन त्याच पाण्यात न फळलेलं अंडं घालते. पिल्लू तेवढंच खातं. बाईंनी बेचक्यांऐवजी काचेला दोन छोट्या वाट्या चिकटवल्या होत्या. "वाट्यांना हात लावू नका. बाकी सगळं करा."

बाकी सगळं मी लिहून घेतलं: पावसाचं पाणी फवारणं, माश्या, दिवे. पुण्याहून आलेल्या सासूबाई रोज सोबत यायच्या, पण वाट्यांचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. एका सकाळी माझी मीटिंग लांबली, तर त्या एकट्याच किल्ली घेऊन गेल्या आणि खूश होऊन परतल्या.

"अगं, तिथे दोन वाट्यांत पाणी साठलेलं. काढलं मी. एकीत अळी होती, केवढी मोठी! पुण्यात असती तर कॉर्पोरेशनने नोटीस चिकटवली असती."

डेंग्यूच्या भीतीने कुंडीखालच्या ताटल्याही रिकाम्या करणारं आमचं घर.

"अहो आई, कुठे टाकलंत पाणी?"

"फेकीन कशी? बादलीत आहे. त्यांच्या कुंड्यांना घालणार होते."

आम्ही धावतच खाली गेलो. बादलीच्या तळाशी एक काळा ठिपका वळवळत होता. मी तो चमच्याने अलगद उचलला.

"वाट्यांना साबण लावलात?"

"नुसत्या विसळल्या. जिथल्या तिथे परत चिकटवल्या." मग हळूच, "अळी नव्हती का ती?"

मी शेजारीणबाईंना फोन लावला. "आल्झो... म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "मादीला पिल्लू ओळखता येत नाही. जागा ओळखता येते. चुकीच्या वाटीत ठेवलंत तर ते उपाशी मरेल. कुठल्या वाटीत होतं?"

मला माहीत नव्हतं. सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण उत्तर ठाम आलं. "डावीकडच्या. उजवी पानांमागे होती, तिच्यात नुसतं पाणी होतं."

"नक्की?"

"आख्ख्या सोसायटीचे ड्रम तपासणारी बाई आहे मी. अळी कुठे होती ते विसरेन?"

डाव्या वाटीत पावसाचं पाणी घातलं, पिल्लू सोडलं. मादी त्या दिवशी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई खुर्ची ओढून पेटीसमोर बसायच्या. "ती येईल ना गं?" मी "येईल" म्हणायचे आणि दिवे तपासायचे. ते आधीच तपासलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी ती काचेवरून चढली. वाटीच्या काठावर थांबली, मग वळून मागच्या बाजूने पाण्यात उतरली. पिल्लू ताठ झालं आणि तिच्या अंगाशी थरथरू लागलं.

"मागतंय बघ," सासूबाई कुजबुजल्या. "मागतंय!"

ती निघून गेली तेव्हा पाण्यात एक अंडं होतं. मी फोन लावला, पण सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि अथपासून इतिपर्यंत सगळं मराठीत सांगितलं. पलीकडून मराठीचा शब्दही न कळणाऱ्या शेजारीणबाईंचं प्रत्येक वाक्याला रडवेलं, हसरं "जा, जा", म्हणजे जर्मनमधलं "हो, हो", ऐकू येत होतं.