दुकानातून जाणारी वाट

कंडक्टर म्हणून तिला आठ वर्षं झाली, पण बसमधली सीट तिला ठाऊकच नव्हती. पायाला सतत भिंगरी. त्या आठवड्यात तर जिवाची नुसती घालमेल चालली होती. शेवटच्या थांब्यावर खात्याचा माणूस वही घेऊन चढणाऱ्यांना मोजत होता. शुक्रवारी सकाळी वीस माणसं चढली नाहीत, तर हा मार्ग बंद. गुरुवारपर्यंत आकडा चारच्या वर सरकला नव्हता.

माणसं नव्हती असं थोडंच होतं? थांब्यासमोर उंच भिंत होती आणि भिंतीमागे चारशे घरं. त्यांच्या भांड्यांचा आवाज बसमध्ये ऐकू यायचा. फाटक मात्र पार दुसऱ्या टोकाला, मोटारींच्या सोयीचं. कॉलनीचा नकाशा काढणाऱ्या शहाण्याने माणसाला पाय असतात हे धरलंच नव्हतं. थांब्यावर यायला वीस मिनिटांचा वळसा. त्या चौघांतली एक तिची ताई, दुखरा गुडघा घेऊन रोज येणारी. बस गेली की हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली ताईची नोकरीही जाणार होती.

भिंतीला आतून लागून, कॉलनीच्या बाजूला तोंड करून इस्त्रीवाल्या काकांचं दुकान होतं. त्याचं मागचं दार भिंतीतून थेट थांब्यावर उघडायचं, पण काका दुकानात कुणाला पाऊल ठेवू देत नसत. गुरुवारी ड्यूटी संपल्यावर ती तिथे गेली.

"काका, उद्या सकाळी लोकांना इथून जाऊ द्या."

"बूट घालून? माझ्या पांढऱ्या चादरींजवळून?"

"बूट हातात घेतील."

"तुझी बस बंद झाली तर माझं काय बिघडतं?"

"तुमचं काही नाही. माझ्या ताईचं बिघडतं. दुखरा गुडघा घेऊन रोज वळसा घालून येते ती. बस गेली तर तिची नोकरीही गेली."

काकांनी इस्त्री उभी केली. "मोजे स्वच्छ हवेत, सांग त्यांना."

संध्याकाळभर ती दारोदार फिरली. शुक्रवारी ते दार उघडलं आणि माणसं बूट हातात धरून एकामागे एक बाहेर पडली, फुटपाथवर बसून नाड्या बांधू लागली. एकोणीस चढली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. वेळ झाली होती. ताईचा गुडघा वाकेना, बूट पायात जाईना.

"ताई, तशीच ये."

ताई मोज्यांवरच चढली. वहीवाल्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि वीस लिहिलं.

"उद्याही हीच वेळ ना?" काकांनी दारातून विचारलं.

तिने मान हलवली, डबल बेल दिली आणि ताईच्या पायाशी बसून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच खाली टेकली होती.