दोन नद्यांचं नाव

चौसाळ्यात माझी दाढी करणारा माणूस बोलायला लागला की वस्तरा हवेतच धरतो आणि मुद्दा संपल्याशिवाय खाली आणत नाही. त्याला नाद एकच, मोबाइलवर नकाशे बघायचा. दुकानात बसल्या बसल्या त्याने अख्खा चीन पालथा घातलाय.

करोनातून उठलेल्या एका म्हाताऱ्याला गावाने ‘वुहान’ नाव ठेवलं होतं. तो दुकानात शिरला तसे बाकावरचे सगळे उठून बाहेर गेले. मीही उठून दाराबाहेर उभा राहिलो, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो!

याने मात्र म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, गालांना फेस लावला आणि उरलेल्या फेसाने आरशावर दोन रेघा ओढल्या.

“आता बगा तात्या, ही यांगत्से, ही हान. दोगींच्या संगमावर तीन जुनी गावं. वुचांग, हान्कौ, हान्यांग. तिन्ही मिळून वुहान. बारा म्हैने लई पाणी! आन् आपण टँकरची वाट बगतो. मग ह्ये नाव खराब कावून?”

तात्या फेसाच्या नद्यांकडे बघत राहिले.

परवा एकाने त्यांना आदराने ‘तात्या’ म्हटलं. ते थांबले.

“वुहान म्हण बे. दोन नद्या हायेत माज्या नावात.”