पाठ नसलेला कोट

मामांनी उभा जन्म नाटक कंपनीच्या कपडेपटात काढला. राजा, वकील, भूत, सगळ्यांना कपडे चढवले त्यांनीच आणि उतरवले त्यांनीच. त्यामुळे माणूस कोण हे त्याच्या कपड्यांवरूनच ठरतं, यावर त्यांची इतकी श्रद्धा की पोस्टमन साध्या शर्टात दाराशी आला तर त्याच्याकडून पत्र घ्यायला मामा खळखळ करायचे. कंपनी बंद पडली आणि ट्रंका घरी आल्या. दोन खोल्यांचं घर, त्यात एक खोली मामा आणि भाचीची, दुसरी राजेलोकांची!

भाची म्हणजे मामांचा जीव की प्राण. बहीण गेल्यापासून तिला त्यांनीच वाढवलं. पोरगी हुशार, विजेचा डिप्लोमा झालेली, आणि वेड एकच, लिफ्टचं. कुठे दुरुस्तीसाठी लिफ्ट उघडी दिसली की ही तिथंच उभी. अशा मुलीला लिफ्टच्याच कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणजे बघायलाच नको. पण आधीच्या मुलाखतींत नकार मिळाला होता. ही नोकरी हुकली तर कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढत बसावं लागणार होतं, आणि तो विचारही तिला सहन होत नव्हता.

"नकार का मिळाला, सांगू?" मामा म्हणाले. "तू कॉलेजच्या कपड्यांत गेलीस. साहेबांना वाटलं, ही अजून शिकतेच आहे."

"मामा, माझी उत्तरं चुकली होती रे."

"कपडे नीट असते तर उत्तरंही नीट आली असती!"

तिनं आपला पांढरा शर्ट आणि बाकीचे कपडे धुवायला काढून ठेवले. मामांनी मदत म्हणून ते भिजत घातले, राजाच्या लाल मखमली झग्याबरोबर. मुलाखतीच्या सकाळी बादलीतून सगळं निघालं ते गुलाबी आणि ओलंचिंब. भाची रडकुंडीला आली. मामा मात्र याच घटकेची वाट बघत असल्यासारखे उठले आणि ट्रंकेतून करड्या रंगाचा कोट काढून आणला. कोटाच्या आत शर्टाची छाती, गळ्याला टाय, सगळं एकत्रच शिवलेलं.

"तुझ्या मापाचा केलाय गुपचूप," मामा म्हणाले.

कोट समोरून असा झकास की बघत राहावं. मागून मात्र नव्हताच. नुसत्या नाड्या!

"मामा, याची पाठ कुठाय?"

"पाठ कशाला? आमच्या कंपनीत कोटाला पाठ नसायचीच. प्रेक्षक बसतात पुढं. कापड वाचतं, वारा लागतो, प्रवेश बदलताना चुटकीसरशी निघतो. आत घरातला टी-शर्ट आहे तो राहू दे. साहेबांकडे पाठ फिरवू नकोस म्हणजे झालं."

घरातल्या टी-शर्टच्या पाठीवर भलंमोठं पिवळं बदक होतं. पण बस गाठायची होती, दुसरं काही सुकं नव्हतं, आणि मामांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. तिनं नाड्या बांधून घेतल्या.

मुलाखतीच्या खोलीच्या दाराला काच होती. सोबत आलेले मामा काचेशी असे उभे राहिले, जसे विंगेत. आत दोन साहेब आणि एक बाई. पोरगी आत गेली, टाचेनं दार लोटलं, भिंतीला पाठ घासत खुर्चीपर्यंत पोचली आणि बसली. धडाधड उत्तरं देऊ लागली.

"कोट बोलतोय बघा!" मामांनी दाराशी बसलेल्या शिपायाला ढोसलं.

तेवढ्यात एक साहेब म्हणाले, "फळ्यावर लिफ्टच्या दाराचं सर्किट काढून दाखवा."

पोरगी उठली, खेकड्यासारखी तिरकी सरकत फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि खांद्यावरून हात मागं नेऊन काढू लागली. सर्किट कसलं, गांडूळच ते! बाई म्हणाल्या, "येत नसेल तर तसं सांगा. आमचा वेळ घेऊ नका."

हे मात्र तिला झोंबलं. तिनं काचेकडे बघितलं. मामा दोन्ही हात हलवून "नको! नको!" करत होते. जन्मात पहिल्यांदा तिनं मामांचं ऐकलं नाही. ती वळली.

बदक साहेबांसमोर आलं. ती फळा पुसून भराभर रेघा मारत होती, दार उघडं राहिलं तर लिफ्ट का हलायची नाही ते समजावत होती, आणि हात हलेल तसं बदक डोलत होतं. आधी एक साहेब फिसकन हसले, मग दुसरे, मग बाईसुद्धा. मामांना राहवेना. ते दार ढकलून आतच घुसले.

"हसू नका! कोट मी शिवलाय, चूक माझी आहे. पोरीचं सर्किट बघा, बदक बघू नका!"

"सर्किटच बघतेय मी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे. पण आपण कोण?"

"मी... कपडेपट," मामा म्हणाले.

नोकरी मिळाली. मामांनी तिथंच पाठीसकट कोट शिवायचं जाहीर केलं, तर बाई म्हणाल्या, कोट नको, कंपनीचा निळा बॉयलर सूट मिळतो. मामांचं तोंड एवढंसं झालं.

कामाच्या पहिल्या दिवशी ते तोंडात टाचण्या धरून त्या सुटाभोवती फिरले. कुठं काही दुरुस्त करायला सापडेना. सूट ढगळ होता, पण काम करायला तसाच हवा, असं भाचीनं बजावलं होतं. तिनं पक्कड खिशात टाकली, "येते रे मामा" म्हणाली आणि निघाली. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं.

मामा दारात उभे राहिले. आजवर त्यांनी ज्याला ज्याला कपडे घातले, तो प्रवेश संपला की त्यांच्याकडेच परत यायचा. ही मात्र ताडताड पुढं चालली होती. मामांना अभिमानानं भरून आलं आणि घर एकदम रिकामंही वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय झालं हो?" शेजारणीनं विचारलं.

"काही नाही," मामा टाचण्या काढून म्हणाले. "मागून नीट दिसतेय ना, ते बघतोय."