खोलरावांचं नवं यंत्र

शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं प्रात्यक्षिकं दाखवत होते. कुणाच्या तरी शेतात लोक जमवायचे, ट्रॅक्टरला कंपनीचा नांगर जोडून दीड वीत खोल जमीन उलटायची आणि मूठभर माती उचलून म्हणायचं, "जितकं खोल, तितकं पीक!" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की बायकोनं त्यांचं नाव 'खोलराव' ठेवलं. कपाटात मोजे शोधायला लागले, तरी ती विचारायची, "अहो, किती नांगरताय?"

एके दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पडद्यावर माणसाएवढं गांडूळ होतं. साहेब अगदी गहिवरून म्हणाले, माती जिवंत असते आणि नांगरून नांगरून आपण तिचा जीव घेतो. आता कंपनी नवं यंत्र विकणार. मागच्या पिकाची धसकटं जागेवर ठेवून, न नांगरता पेरणी करणारं.

खोलरावांनी हात वर केला. "मग नांगर बंद करायचे का, साहेब?"

"छे छे," साहेब दचकले. "नांगर वेगळ्या विभागाकडे आहे."

पहिलं प्रात्यक्षिक नेमकं जुन्या गिऱ्हाइकाकडे निघालं. नवऱ्यामागे एकटीनं शेत सांभाळणाऱ्या बाई बांधावर हाताची घडी घालून उभ्या होत्या. खोलरावांनी घसा साफ केला. "मंडळी, जमीन उलटू नका..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी इथंच उभं राहून काय सांगितलं होतंत?"

लोक हसू दाबायला लागले. अशा वेळी 'विज्ञान पुढे गेलं आहे' असं म्हणायचं, हे कंपनीनं शिकवलं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही. पण समोरच्या तुकड्यात पाणी तुंबून रोपं पिवळी पडलेली दिसत होती. वर्षानुवर्षं नांगर फिरून खाली जो टणक थर बसतो, त्याचा तो प्रताप. म्हणजे त्यांचाच.

"चुकलो होतो," ते म्हणाले.

बाईंना हे अपेक्षित नसावं. त्या जरा नरमल्या. "बरं. आणि ह्या धुडाचं वजन किती?"

"अडीच टन."

"म्हणजे माती दबू नये म्हणून तिच्यावर हत्ती नाचवायचा?"

त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरला यंत्र जोडलं, तर पुढची चाकंच हवेत गेली. प्रात्यक्षिक तिथंच आटोपलं.

यंत्र हलकं करा, छोट्या ट्रॅक्टरला पेलेल असं, आणि कंपनीच्या दुकानात एखादं भाड्यानं द्यायला ठेवा, असा अहवाल खोलरावांनी चार वेळा पाठवला. चौथ्या वेळी कंपनीनं त्यांना हिरवी टोपी पाठवली. तिच्यावर हसरं गांडूळ होतं.

मग त्यांनी मेहुण्याला गाठलं. तो कंपनीच्याच कारखान्यात वेल्डर. दोघांनी सुट्टीच्या दिवसांत भंगारातल्या नांगराचा सांगाडा घेतला आणि त्यावर नव्या यंत्राच्या माती चिरणाऱ्या चार तबकड्या नि बियाण्याची पेटी बसवली. बाईंच्या ट्रॅक्टरनं ते आरामात उचललं. पहिल्या दोन ओळी विरळ उगवल्या, तेव्हा बाईंनी खोलरावांच्या हातात खुरपं दिलं आणि रिकाम्या राहिलेल्या सगळ्या जागा त्यांच्याकडूनच बी टोकून भरून घेतल्या. बाकीचं रान मात्र एकसारखं उगवलं. धसकटांखाली ओल टिकली. पुढच्या हंगामात सात शेजारी विचारायला आले.

बातमी कंपनीत पोचली. खोलराव राजीनामा खिशात घालूनच चौकशीला गेले. परवानगीवाचून यंत्रात बदल केल्याबद्दल साहेबांनी लेखी ताकीद दिली, आणि त्याच बैठकीत त्या सांगाड्याचं रेखाचित्र मागितलं. वर्षभरात हलकं यंत्र बाजारात आलं. भाड्यानंही मिळायला लागलं. प्रशिक्षणाच्या पुस्तकातही भर पडली: 'गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून "चुकलो होतो" म्हणावे. तीन सेकंद थांबावे.' हा धडा शिकवायला अर्थात खोलरावांनाच नेमलं.

प्रशिक्षणार्थींच्या दोन तुकड्या त्यांनी सभागृहात मुकाट्यानं शिकवल्या. तिसऱ्या तुकडीला मात्र त्यांनी विचारलं, "नांगर अजून विकतोच आहोत, तर 'चुकलो होतो' म्हणायचं की 'चुकतोय'?"

आठवड्याच्या आत त्यांची बदली पुन्हा शेतांवर झाली. साहेबांना वाटलं, शिक्षा झाली. घरी बायकोनं त्यांचे बूट पुसून दाराशी ठेवले आणि म्हणाली, "बरं झालं. सभागृहात तुमचा आवाज नुसताच घुमायचा."