दुपटेकाकूंची बाळंतीण

दुपटेकाकू कुणाच्याही घरी गेल्या की लगेच बसत नसत. पलंग असो, गादी असो की साधी चटई, आधी तळहाताने दाबून पाहायच्या, कड उचलून खालून हात फिरवायच्या आणि मगच टेकायच्या. लग्न होऊन मी धरमपेठेत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा माझ्या माहेरच्या गादीचीही अशीच झडती झाली. "ढेकळं झाले वं कापसाचे," त्या म्हणाल्या. "याच्यावर झोपशीन तं पाठ मोडून जाईन. उद्या उन्हात टाक, पिंजून आणू." मी साताऱ्याकडची. मला त्यातलं अर्धं समजलं आणि जे समजलं त्याचा राग आला. पण गादी पिंजून आली आणि त्या रात्री मला खरोखरच चांगली झोप लागली.

त्यांचं आडनाव वेगळंच होतं, ते फक्त पोस्टमन वापरायचा. गल्लीत जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा काकूंनी शिवलेल्या दुपट्यात झोपलेलं, म्हणून त्या दुपटेकाकू. जुनी मऊ लुगडी त्या मागून आणायच्या, धुऊन धुऊन पार नरम करायच्या आणि चार पदरी दुपटी शिवायच्या. मिशा फुटलेला एखादा कॉलेजकुमार ऐटीत सायकलवरून चालला की त्याला भर रस्त्यात थांबवून सांगायच्या, "माझे तीन दुपटे एका दिवसात वले केले होते गा तू!" तो बिचारा पुढचे आठ दिवस दुसऱ्या गल्लीने जायचा.

दुपट्यांवरच त्यांचं काम संपत नसे. बाळंतिणीचं सगळंच त्या करायच्या. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, खिडकीच्या फटीत बोळे, दाराला जाड पडदा. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, हा त्यांचा कायदा होता आणि त्यात ऋतू बघायची सोय नव्हती. "बाळंतिणीले उन्हाळा-हिवाळा नसते," त्या म्हणायच्या. "अंग उघडं पडलेलं असते तिचं. कुठूनही वारं शिरते." जिवाचं अर्धं दुखणं त्याच्या अंथरुणात असतं, असंही त्यांचं एक ठाम मत होतं. ते त्या डॉक्टरांनासुद्धा ऐकवत.

मी आले त्या सुमाराला मात्र दिवस पालटत होते. गल्लीतल्या सुना दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या होत्या आणि तिथल्या नर्सबाई शेगडीचं नाव काढलं की अंगावर येत. काकूंना बोलावणं येईनासं झालं. शिवलेली दुपटी पेटीतून काढून पुन्हा घडी घालून ठेवताना मी त्यांना पुष्कळदा पाहिलं आहे.

अशात मला दिवस राहिले. माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली आणि वहिनीला तिचीच दोन लहान मुलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणजे कुणाकडे, या काळजीने मला रात्ररात्र झोप यायची नाही. काकूंनी न विचारता ओळखलं. "काहून रडून राहिली वं? तुझं माहेर हेच समज. मी हाय नं." त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी मनसोक्त रडले. त्या क्षणापासून माझं बाळंतपण काकू करणार हे ठरून गेलं, आणि इतकं निश्चिंत मला त्यानंतर फार क्वचित वाटलं आहे.

माझे यजमान एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी त्यांनी एक दिवस संत्र्याच्या पेटीतून गिनीपिगची जोडी घरी आणली. तपकिरी-पांढरी मादी आणि काळा नर, दोघंही पेटीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थरथरत होते. सुट्टीनंतर पुन्हा प्रयोग सुरू होणार आणि ही जोडी त्यात लागणार, हे सांगताना ह्यांची मान खाली गेली. "इथे नीट राहिले तर राहू देऊ," एवढंच ते पुटपुटले. मला त्या दिवसांत कसलाही वास सहन होत नव्हता, मी नाकाला पदर लावून आत पळाले. काकूंनी मात्र पेटीत हात घालून खालचा ओला कागद बाहेर ओढला. "काहून गा, याच्यावर झोपवतं का कोणी जिवाले? रद्दीवर?"

आणि पेटी त्यांच्या पडवीत गेली.

त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आधी लाकडाच्या टालावरून भुसा आला. त्याने दोघंही शिंकायला लागली आणि मादीचे डोळे चिकटले. काकूंनी कोमट पाण्याच्या बोळ्याने ते पुसले आणि टालवाल्याला जाऊन झापलं, जणू त्याने भुसा मुद्दाम शिंका येतील असा पाडला होता. मग जुनं धोतर अंथरलं, तर नखं धाग्यात अडकून नर तीन पायांवर लंगडू लागला. बारदान घातलं, त्याला तासाभरात असा वास सुटला की शेजारच्या वाड्यातून विचारणा झाली. शेवटी काकूंच्या भावाने कन्हानकडून धानाची तणस आणून टाकली. ती दोघांना मानवली. त्यात ती घुसायची, त्यातलीच काडी ओढून खायची आणि पोट भरलं की शिट्टी वाजवल्यासारखा आवाज काढायची. "जमलं बाप्पा," काकू म्हणाल्या. माझ्या मते त्या महिन्यात त्या इतक्या खूश होत्या की माझ्या ओकाऱ्यांकडेही त्यांचं जरा दुर्लक्षच झालं.

मग एका सकाळी मादीच्या पोटाखाली हात घालून त्या तशाच थांबल्या. "पाह्य वं," त्यांनी मला हाक मारली. "आत हालून राहिलं. पोटुशी हाय ही." त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही वास विसरून जवळ जावं लागलं. त्या दिवसापासून मादीचं नाव 'बाई' झालं. नराची रवानगी न्हाणीघरात झाली, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?

आणि तणसही गेली. टोचते, हे कारण. काकूंच्या दिराचं शेत हुडकेश्वरला होतं. तिथून सरकी काढलेला कापूस आला. काकूंनी तो बोटांनी तास तास विंचरला. पेटीत त्याचा गुबगुबीत थर, त्यावर त्यांच्या सासूबाईंच्या लुगड्याचं दुपटं, चारही बाजूंनी बारदान, वरून घोंगडीचा तुकडा. वारं शिरायला सुईएवढीसुद्धा जागा ठेवली नाही. बाहेर मे महिना होता. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला तर चटका बसायचा.

ह्यांनी भीत भीत सांगून पाहिलं. "काकू, यांना उकाडा सोसत नाही. आमच्याकडे पंख्याखाली ठेवतात. कापूस काढा. खिडकीच्या ताटीतला ओला वाळा थोडा जवळ ठेवू."

"वला? बाळंतिणीजवळ वला वाळा?" काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अर्धा पाऊल मागे सरले. "तुमच्या कालेजातली बाळंतीण कधी उठून घरी गेली का गा? मरूनच जाते नं?"

ह्यांनी वाळा होता तिथेच राहू दिला. नागपुरात अंथरुणाच्या बाबतीत दुपटेकाकूंशी वाद घालील असा माणूस तेव्हा नव्हता.

बाई पहाटे व्याली. तीन पिल्लं. अंगावर लव असलेली, डोळे उघडे, जन्मल्या जन्मल्या पळायला तयार. काकू आश्चर्याने नुसत्या बघत राहिल्या. "डोये उघडूनच आले वं! मायले पाहून राहिले!" त्यांनी ओव्याची धुरी दिली, आमच्याकडून गूळ मागून नेला, तो बाईने हुंगलासुद्धा नाही. दहाच्या सुमाराला पिल्लं घोंगडीची कड ढकलून पेटीबाहेर निसटली आणि माठाच्या तिवईखाली ओल्या फरशीवर जाऊन बसली. काकूंनी दोनदा उचलून आत ठेवली, ती दोनदा बाहेर आली. "वांड पोट्टे," म्हणून त्यांनी कौतुकाने नाद सोडला.

दुपारी मी पाणी प्यायला पडवीत गेले तर काकू पेटीशी पाय दुमडून बसलेल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. झोपली हाय. किती गाढ झोपली, पाह्य. शिणली बिचारी." त्यांनी समोरच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्यालाही हाताने गप्प केलं. कुणी दार वाजवलं तर उठून जायच्या, कुजबुजून परत पाठवायच्या आणि पुन्हा पहाऱ्याला बसायच्या. त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या, पण त्यांनी स्वतःलाही वारा घेतला नाही. तो बाईला लागला असता.

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा काकू तशाच बसून होत्या. ह्यांनी घोंगडी उचलली. काकूंनी बाईच्या पोटाखाली कापसात हात घातला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला, आणि या वेळी बराच वेळ काढला नाही. आत तव्यावर हात ठेवल्यासारखं गरम होतं. बाई केव्हाच गेली होती.

"मीच भाजली तिले," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. "मी इथीच बसून होती गा."

आम्ही दोघं काहीबाही बोललो. जनावराचं असंच असतं, उन्हाळाच वाईट आहे, तुमचा काय दोष. त्यांच्या कानांपर्यंत ते गेलंच नाही. न्हाणीघरातला नर उरल्यासुरल्या तणसीवर मजेत शिट्टी वाजवत होता, तेवढा एकच आवाज घरात होता.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी नर आणि पिल्लं संत्र्याच्या पेटीत भरून आमच्या दारात आणून ठेवली. "घेऊन जा गा हे." यजमान म्हणाले, "काकू, तिथे नेलं तर त्यांचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे." काकू म्हणाल्या, "ठाऊक हाय. तिथी मरतीन तं सुईनं मरतीन. इथी मायेनं कशाले मारू?" आम्ही ओळखीपाळखीत विचारून पाहिलं, पण चार गिनीपिग घेणारं कुणी भेटलं नाही. मला तर उठून पाणी घ्यायचीही ताकद नव्हती. सुट्टी संपताना हे पेटी सायकलला बांधून घेऊन गेले. त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

माझा मुलगा हिवाळ्यात झाला. ती थंडी आठवली की अजून अंगावर काटा येतो. दवाखान्यातून घरी आले तेव्हा खोलीत मी, हे, आणि कपड्यात गुंडाळलेला तो एवढासा जीव. त्याचे हातपाय गार लागत होते. अंगाखाली काय घालायचं, वर किती पांघरायचं, तोंड उघडं ठेवायचं की झाकायचं, मला एक अक्षर माहीत नव्हतं. मी काकूंना हाक मारली. त्या आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी म्हटलं, "काकू, आत या ना. याला थंडी वाजतेय." त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. "मले नको विचारू वं. दवाखान्यात विचार. तुझ्या पाया पडते." मी चिडले, रडले, माहेर म्हणाला होतात ना, हेही बोलून घेतलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या. रोज दोन्ही वेळचा डिंकाचा लाडू आणि गरम भात दारात यायचा, ताटावर झाकण असायचं. पण काकू आत आल्या नाहीत. एक आया ठेवली, तिच्या हाताने मूल वाढलं. काकूंना सांगावं तरी काय? तुमची ऊब मला हवी आहे, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास माझ्याजवळ थोडाच होता, की काढून द्यावा.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली झाली. सामान ट्रकवर चढलं, रिक्षा दारात उभी राहिली. मी काकूंच्या पाया पडले आणि त्या नको नको म्हणत असताना मुलाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, त्याच्या अंगाला लागू नयेत म्हणून. तो मात्र हलला-डुललाही नाही. त्यांच्या पोटाला गाल टेकवून बघता बघता झोपी गेला. मला वाटलं, आता हात खाली येतील.

काकू त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"उचल वं त्याले," त्या म्हणाल्या. "झोपला तो. उठव लवकर."

मी त्याला उचललं. तो जागा होऊन मोठ्याने रडायला लागला, तेव्हा कुठे काकूंनी श्वास सोडला आणि हात खाली घेतले.